कुटुंबासाठी उघडं दार

"ही कंपनी नाही, हे कुटुंब आहे! आणि माझ्या छातीत श्वास आहे तोवर या कुटुंबातल्या एकाही माणसाला मी उघड्यावर पडू देणार नाही!"

लॉइड हॅकबार्थ यांनी ही घोषणा केली तेव्हा ते कमोडच्या लाकडी बैठकांनी भरलेल्या खोक्यावर उभे होते. खोकं उंचीसाठी होतं. बैठका होत्या कारण कंपनी त्याच बनवत असे. ओकच्या, मेपलच्या आणि हौशी गिऱ्हाइकांसाठी अक्रोडाच्या. अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात दुसरा कारखाना नव्हता, त्यामुळे दुसरं कुटुंब निवडायचीही सोय नव्हती.

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर हिशेब बघणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक गुलाबी कागद ठेवला. आरोग्य विम्याचा नवा कायदा आला आहे, त्यामुळे जुनी पॉलिसी बंद होते आहे, नवी पॉलिसी फार उत्तम आहे आणि म्हणून फार महाग आहे, असं त्यात होतं. कामगाराचा स्वतःचा हप्ता कंपनी पूर्ण भरेल. बायकामुलांचा हप्ता आजवर कंपनी निम्मा भरत असे, तो जानेवारीपासून ज्याचा त्याने भरावा. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: कुटुंबासाठी दार सदैव उघडं आहे.

ऑरिन ट्वेटने बायकोच्या हप्त्याचा आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. हातात पडणाऱ्या पगाराचा जवळजवळ अर्धा भाग होता तो. पंचवीसेक वर्षं तो बैठकांना वार्निश लावत होता, आणि आजवर त्याने मालकाकडे काहीही मागितलं नव्हतं. एकदा पंखा मागायचा विचार केला होता, पण तेवढ्यात उन्हाळा संपला.

"अर्धा पगार?" घरी मार्लिस म्हणाली. "माझ्यासाठी? मी एवढी महाग आहे हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नाही तुला."

"थट्टा नको करूस."

"मग काय करू? नाचू? नाचता येत असतं तर विम्याचं काम काय होतं?"

मार्लिसच्या उजव्या खुब्याची वाटी झिजून गेली होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, उभ्याने. डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या शेवटी नवा खुबा बसवायची तारीख दिली होती आणि त्याआधी त्यांच्याकडे जागा नव्हती. शाळेचा विमा? तिथेही नवा कायदा पोचला होता. आठवड्याला तीस तास काम करणाऱ्याला विमा द्यावा लागणार असं कळताच शाळेने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांचे तास तिसाच्या खाली आणून ठेवले होते. कायदा अजून दाराशी होता, पण शाळेने पळवाट आधीच शोधून ठेवली होती.

कायद्यात चांगल्या गोष्टी नव्हत्या असं नाही. जुनं दुखणं आहे म्हणून कुणालाही विमा नाकारता येणार नव्हता. मार्लिसला आता कुणीही नाकारू शकत नव्हतं. ते काम फक्त किंमत करत होती. ज्यांना परवडत नाही त्यांना हप्त्यात सरकारी मदत मिळणार होती, आणि त्यासाठी एक संकेतस्थळ होतं. त्यावर पान उघडण्याऐवजी नुसतं एक चक्र गोल गोल फिरत असे. ऑरिन जेवणानंतर त्याच्यासमोर बसायचा. चक्र फिरायचं. मार्लिस म्हणायची, "निदान ते तरी हिंडतंय."

शेवटी ती दोघं वाचनालयात गेली. तिथे श्रीमती डोलोरेस विट नावाच्या निवृत्त शिक्षिका लोकांना विम्याचे अर्ज भरायला मदत करत असत. मार्लिसने मऊ खुर्च्या सोडून कडक लाकडी खुर्ची ओढली. मऊ खुर्चीत बसणं तिला जमायचं, उठणं जमायचं नाही.

"ऑरिन, तुझ्या कंपनीने मार्लिसला विमा देऊ केलाय?" डोलोरेसबाईंनी विचारलं.

"देऊ केलाय. पण परवडत—"

"थांब. देऊ केलाय, हो की नाही?"

"हो."

"मग तिला सरकारी मदत नाही."

"अहो, पण अर्धा पगार जातो त्यात!"

"कायदा ते विचारतच नाही. कायदा विचारतो की तुझा एकट्याचा विमा तुझ्या आवाक्यात आहे का. तुझा तर फुकट आहे. तुझा आवाक्यात, म्हणजे तिचाही आवाक्यात."

"कुणाच्या आवाक्यात?"

"कायद्याच्या," डोलोरेसबाई म्हणाल्या. तिसरीच्या मुलांना भागाकार शिकवताना त्यांचा चेहरा असाच असे.

मार्लिस पुढे झुकली. "आणि कंपनीने मला विमा देऊच केला नसता तर?"

"तर मिळाली असती मदत. तुमच्या उत्पन्नात चांगलीच मिळाली असती. शुक्रवारी दोघं मासे खायला जाता ना, महिन्याला साधारण तेवढ्यात भागलं असतं."

बाजूच्या कपाटापाशी एक म्हातारा हरणांच्या शिकारीवरची पुस्तकं चाळत होता, तो थांबला.

"म्हणजे," मार्लिस सावकाश म्हणाली, "लॉइडचं दार उघडं आहे म्हणून मी बाहेर. त्याने ते माझ्या तोंडावर आपटलं, तर मी आत."

"मला असं बोलायची परवानगी नाही," डोलोरेसबाई म्हणाल्या. "पण हो. नाताळच्या आत मालकाकडून दोन ओळी लिहून आण. जोडीदारांना विमा दिला जात नाही, एवढंच. घटस्फोट घेतलात तरी चालतं, पण त्याला वेळ लागतो."

परतीच्या वाटेवर पिकअप चालवताना ऑरिन वाक्य पाठ करत होता. "लॉइड, माझ्या बायकोला काढून टाका. लॉइड, कृपा करून माझ्या बायकोला—"

"कृपा करून नको," मार्लिस म्हणाली. "रडवेला वाटतोस. ठणकावून सांग."

"ठणकावून कसं सांगतात?"

"मी तुला उठून स्वयंपाकघरात यायला सांगते ना, तसं."

दुसऱ्या दिवशी ऑरिन मालकाच्या खोलीत गेला. भिंतीवर एका बाजूला लॉइडच्या वडिलांचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या शिंगांचं हरणाचं डोकं होतं. दोघेही त्याच्याकडे सारख्याच नजरेने बघत होते.

"लॉइड, बायकोबद्दल बोलायचं होतं," तो म्हणाला. "तिला... म्हणजे आता... मला वाटतं, तिला काढलेलंच बरं."

लॉइड खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून त्यांनी ऑरिनचे दोन्ही खांदे धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "मला सगळं कळतं. प्रत्येक संसारात अशी वेळ येते. आज घरी जा. पगार कापणार नाही."

पगार कापणार नाही म्हटल्यावर ऑरिनच्याने पुढे बोलवेना. तो घरी गेला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला.

संध्याकाळी चर्चच्या पाद्रीबाबांचा फोन आला. मार्लिसने तो घेतला. तिने बराच वेळ "हं... हं..." केलं, मग फोन ठेवून गॅरेजचं दार उघडलं.

"पाद्रीबाबांना लॉइडकडून कळलंय, की तू मला घराबाहेर काढतोयस. त्यांना तुझ्यासाठी वाईट वाटतंय. माझ्यासाठी रविवारपासून प्रार्थना सुरू होईल."

"मी सांगत होतो गं. लॉइड मध्येच रडायला लागले."

"एक काम सांगितलं होतं, ऑरिन! हाकलून द्या म्हणायचं! लोक फुकट हाकलून देतात, तुला मागूनसुद्धा मिळेना!"

रात्री स्वयंपाक काहीच झाला नाही. दोघांनी चीज आणि पाव खाल्ला, तोही वेगवेगळ्या खोल्यांत. नाहीतर एरवी भांडण झालं की मार्लिस मुद्दाम जोरात भांडी घासायची. आज तेवढंही उभं राहवत नव्हतं. भांडी तशीच पडलेली ऑरिनने बघितली. तो उठला आणि त्याने ती घासली. घासताना ऑपरेशनची फेब्रुवारीतली तारीखच आपण पुसून टाकतोय असं त्याला वाटत राहिलं.

"उद्या मी येते," दारातून मार्लिस म्हणाली. "तू नुसता गाडी चालव."

दुसऱ्या दिवशी दोघांना आपल्या खोलीच्या दारात बघून लॉइडना फार आनंद झाला. "मार्लिस! दोघं एकत्र आलात! बसा, बसा!" त्यांनी तिला कोपऱ्यातल्या जुन्या सोफ्याकडे नेलं. तो पाहुण्यांसाठी होता, लोण्यासारखा मऊ. ऑरिनने "तिथं नको" म्हणेपर्यंत मार्लिस त्यात बुडाली होती. गुडघे हनुवटीच्या पातळीला आले. तिथूनच तिने सगळं सांगितलं; डोलोरेसबाई, मदत, उघडं दार, दोन ओळी. हळू आणि नीट सांगितलं, शाळेतल्या मुलांना रांगेत उभं करावं तसं.

लॉइड ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की हॅकबार्थ कंपनी बायकांना विमा देत नाही? मी?" त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. "या माणसाने बायकांना विम्यात घेतलं तेव्हा जिल्ह्यात कुणी घेत नव्हतं! आणि मी नाताळच्या तोंडावर त्यांना बाहेर काढू? काय म्हणतील लोक?"

"लोक थँक्यू म्हणतील," मार्लिस म्हणाली. "लॉइड, किती जणांनी घेतला बायकोसाठी नवा विमा?"

"दार उघडं आहे!"

"ते वाचलं मी, गुलाबी कागदावर. पण आत कोण कोण आलं?"

लॉइडनी कॅलेंडरकडे पाहिलं. "एक जण."

"कोण?"

"बर्निस," लॉइड म्हणाले.

बर्निस त्यांची बायको.

"आता तिच्या गुडघ्यांचंही ऑपरेशन निघालंय," ते घाईने पुढे म्हणाले. "आणि कंपनीचा विमा गेला तर आम्हाला सरकार काही एक देणार नाही, आमचं उत्पन्न जास्त पडतं. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

ऑरिनला त्या क्षणी पंख्याची आठवण झाली. का ते त्यालाही कळलं नाही. त्याने घसा खाकरला आणि पंचवीसेक वर्षांत पहिल्यांदा ठणकावून म्हणाला, "लॉइड, माझ्या बायकोला काढून टाका."

"नाही!" लॉइडनी टेबलावर मूठ आपटली. हरणाच्या डोक्यावरची धूळ पडली. "कधीच नाही! काही झालं तरी मार्लिसला मी बाहेर काढणार नाही! तुम्ही रागवा, शिव्या द्या, पण या दारातून माझ्या कुटुंबातल्या कुणाला मी घालवणार नाही!" त्यांचा आवाज कापायला लागला, आणि तो खोटा नव्हता, हीच खरी पंचाईत होती. अशा माणसाशी भांडावं तरी कुठून? "दुसरं काहीही माग, मार्लिस. काहीही. तुझ्यासाठी हा लॉइड हॅकबार्थ काय वाटेल ते करील. बोल!"

मार्लिसने सोफ्याच्या हातावर तळवा रोवला. एकदा जोर केला, पुन्हा केला. सोफ्याने तिला सोडलं नाही.

"मग जरा हात द्या," ती म्हणाली. "मला इथून उठता येत नाहीये."