पोथीचं साल
१९७८ साली नागपुरात छापील पुस्तकांच्या इतिहासावर पीएच.डी. करणारे विद्यार्थी दोनच होते आणि दोघांचेही मार्गदर्शक गोपाळराव सर. शालिकराम नरखेड तालुक्यातला, सात वर्षं झाली तरी प्रबंध न दिलेला. प्रेमिला इंदोऱ्याच्या दलित वस्तीतली, तिचं तिसरं वर्ष चाललं होतं.

प्रेमिलाचे वडील लहानू एका छापखान्यात कंपॉझिटर होते. शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. लहानपणी ती त्यांना डबा द्यायला जायची आणि जुळवलेली उलटी अक्षरं वाचत उभी राहायची.

सरांचं नाव झालं होतं ते एका पोथीमुळे. त्या पोथीवर साल नव्हतं. ती नागपुरातच, १८४२ च्या सुमारास, दगडावर हातानं लिहून शिळाछापानं छापली गेली, असं त्यांनी एका जाड ग्रंथात सिद्ध केलं होतं. त्याला पारितोषिक मिळालं होतं. पोथी एका जुन्या घराण्याकडे होती. मुलगी इंदोऱ्याची आहे म्हटल्यावर तिथले म्हातारे मालक म्हणाले, पोथीला हिचा हात लागायचा नाही. तेव्हा सर त्यांना म्हणाले होते, "मग मीही ती पुन्हा उघडणार नाही." आणि दोन तास ते ओसरीवरून हलले नव्हते. शेवटी मालकांनी पोथी काढून प्रेमिलाच्या हातात दिली. हे प्रेमिला कधी विसरली नाही.

त्याच पोथीत तिला तो 'ळ' सापडला. डाव्या गाठीला चीर गेलेला. तिसऱ्या पानावर, अकराव्यावर, सतराव्यावरही, तसाच्या तसा. तिनं पानांचे फोटो घरी नेले. लहानूंनी भिंग लावून पाहिले.

"हे हातानं लिहेल नाही वं," ते म्हणाले. "हातानं लिहिणारा तीनदा एकसारखा कसा चुकंन? हा खिळा आहे. मार खाल्लेला खिळा."

मग प्रेमिलाला तोच खिळा १८६९ च्या एका मुंबईच्या पंचांगात दिसला. त्याच्याबरोबर मोडक्या मात्रेचा 'के' आणि शेपूट तुटलेला 'क्ष'सुद्धा. पोथी शिळाछापाची नव्हती, नागपूरची नव्हती आणि सरांनी सांगितलं त्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी नवी होती.

आठ दिवस तिनं पोथीची आणि पंचांगाची अक्षरं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. मग प्रतापनगरला सरांच्या घरी गेली आणि फोटो टेबलावर मांडले. सरांनी भिंग घेतलं नाही.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"शालिकरामनं दाखवलं होतं. एकाहत्तर साली." ते खुर्चीत मागे टेकले. "त्याला म्हटलं, मी निवृत्त होईपर्यंत थांब. तो प्रबंधातून ते प्रकरण गाळायला तयार नाही आणि माझ्याविरुद्ध जायलाही तयार नाही. तू शहाणी आहेस. अक्षरांचा तक्ता ठेव, निष्कर्ष लिहू नकोस. मी सही करतो. कॉलेजातल्या जागेसाठीही शब्द टाकतो."

त्यांचा आवाज दुसऱ्या कोणाचा असावा तसा बारीक झाला होता. त्यांनी धमकी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं. ती "बरं, सर" म्हणाली आणि घरी आली.

तक्ता प्रबंधात गेला. त्याखाली एक ओळही नव्हती.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून आलेले परीक्षक वामनराव हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बरोबर तेच पान उघडलं.

"हा तक्ता फार कष्टानं केलाय. पण यातून निघतं काय?"

सर शेजारीच बसले होते. ते खिडकीकडे पाहत होते. प्रेमिलाला त्यांचा कान आणि गळ्याची हललेली शीर तेवढी दिसली. तिला ती ओसरी आठवली. उत्तर तिच्या जिभेवर होतं.

"अजून निष्कर्ष काढलेला नाही," ती म्हणाली.

वामनरावांनी पान उलटलं.

बाहेर सरांनी स्वतःच्या हातानं पेढा दिला. "उपकार झाले तुझे," ते हलक्या आवाजात म्हणाले. तिनं तो पेढा रुमालात बांधून ठेवला. इतकी वर्षं ती त्यांच्या उपकारात होती, आता ते तिच्या उपकारात आले होते, आणि यातून बाहेर पडायची वाट तिला दिसत नव्हती.

ती घरी गेली नाही. अमरावती रोडनं वाडीला गेली. शालिकराम तिथं एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या लिहायचा, मालाच्या पावत्या. मागच्याच खोलीत भाड्यानं राहायचा. दारात ट्रक उभे होते.

"काय झालं वं?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर झाली." आणि मग तिनं सगळं सांगितलं. त्याचं नाव सरांच्या तोंडून ऐकलं तेही.

शालिकराम चिडला नाही. "मीबी असंच म्हटलं असतं," तो म्हणाला. "मले सात वर्षं झाली. रोज वाटते, आज जाऊन सांगतो. मग वाटते, त्याईनंच मले खेड्यातून आणलं, माह्या हातात पुस्तक देल्लं. अन् मग राहूनच जाते."

"तुम्ही काहून थांबले भाऊ? ते निवृत्त होईपर्यंत?"

"पह्यले थांबलो. मंग थांबायची सवय लागली."

तो पुन्हा बिल्टी लिहायला लागला. प्रेमिला त्याच्या हाताकडे पाहत राहिली. अक्षर फार सुंदर होतं, आणि ते पोत्यांची संख्या लिहीत होतं. सात वर्षांनी आपण कुठे बसलेलो असू, हे तिला एवढं स्वच्छ दिसलं की ती उठून उभी राहिली.

"मले कागद द्या," ती म्हणाली.

तिथंच, खोक्यावर बसून, तिनं वामनरावांना पत्र लिहिलं. 'आज मी आपल्याला खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर असं आहे.' खाली खिळे, पानं, पंचांगाचं साल. 'ही गोष्ट प्रथम शालिकराम यांच्या लक्षात आली,' असंही लिहिलं आणि सही केली. मग पेन त्याच्यापुढे धरलं.

शालिकरामनं शाईचा हात पायजम्याला पुसला. पत्र त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"सर मरून जातीन गा," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. आणि त्यानं सही केली.

सर गेले नाहीत. सहा महिन्यांनी वामनरावांनी ते पत्र एका त्रैमासिकात दोघांच्या नावानं छापलं. सरांनी उत्तर दिलं नाही, खंडनही केलं नाही. फक्त प्रेमिलाशी बोलणं सोडलं. कॉलेजातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तिनं काटोलच्या एका शाळेत नोकरी धरली. शालिकरामचा प्रबंध कधीच पुरा झाला नाही.

त्रैमासिकाचा अंक घेऊन ती वाडीला गेली तेव्हा तो ट्रकला टेकून उभा होता. त्यानं ते पान उभ्याउभ्याच वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. ड्रायव्हरनं हाक मारली तेव्हा अंक शर्टाच्या आत खोचून तो बिल्टी आणायला गेला.