तारीख गेलेला खुबा

कुसगावात हिराबाईच्या दारात दवाखान्याची मुलगी येऊन उभी राहिली, आणि हिराबाई मागच्या दाराने पळाली. पळाली म्हणजे अक्षरशः पळाली. वय अडुसष्ट, उजव्या खुब्यात बावीस वर्षांपूर्वी बसवलेला धातूचा सांधा, तरी न्हाणीच्या भिंतीआड ती अशी झटकन उकिडवी बसली, की असं बसायला मनाई करणाऱ्या एखाद्या डॉक्टरने पाहिलं असतं तर तो आधी ओरडला असता आणि मग खूश झाला असता.

त्या मुलीला ती ओळखत नव्हती. तिच्या गळ्यातली निळी पट्टी मात्र ओळखीची होती. पुण्याच्या ज्या दवाखान्यात हिराबाईचा सांधा बदलला, तिथली ती पट्टी. तसंच निळं चिन्ह छापलेली पत्रं अधूनमधून येत. 'सांध्याच्या तपासणीसाठी उपस्थित राहावे' एवढी ओळ वाचून हिराबाई ती चुलीत घाली. नवऱ्याला, हनुमंताला, त्यातलं एकही पत्र तिने दाखवलं नव्हतं.

कारण साधं होतं. तिच्या खुब्याची तारीख उलटून गेली होती, आणि ते लोक माल परत मागवत होते.

हे तिला कसं कळलं, ते सांगायला हवं. हिराबाई लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात कामाला होती. आधी शेंगदाणे निवडायला, मग चिक्की लाटायला. सेहेचाळिसाव्या वर्षी तिचा खुबा धरला. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोचेनासं झालं होतं, आणि रक्तावाचून तो गोळा आतल्या आत ढासळत चालला होता. वर्षभरात ती घरातल्या घरात रांगायला लागली. हनुमंत तेव्हा खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा गँगमन होता. दिवसभर रुळांवर राबून आला, की तो तिला पाठुंगळी घेऊन ओट्यावर आणून बसवायचा, चार माणसं दिसावीत म्हणून. २००३ साली सांधा बदलला. "वय कमी आहे, हाड चांगलं आहे, सिमेंट न लावता बसवू," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हनुमंत घाबरला होता. "बिनसिमेंटचं? हलंल की वो!"

नाही हललं. चार महिन्यांत हिराबाई कारखान्यात परत गेली. मालकाने तिला उभ्याचं काम न देता स्टुलावरचं दिलं. डब्यांवर तारखेचा शिक्का मारायचा, आणि दुकानांतून परत आलेल्या डब्यांतले तारीख गेलेले वेगळे काढायचे. त्या मालाला कारखान्यात 'रिटन' म्हणत. रिटन माल कोणी चाखूनही पाहत नसे, सरळ फोडून टाकत. बारा वर्षं तिने हेच काम केलं. तिच्या नजरेतून तारीख गेलेला डबा कधी सुटला नाही.

पहिली पाच वर्षं ती बोलावतील तेव्हा दवाखान्यात जाऊन आली होती. मग २००८च्या उन्हाळ्यात रेशनकार्ड शोधताना पत्र्याच्या पेटीत तिला आपलं डिस्चार्ज कार्ड सापडलं. आतल्या पानावर सांध्याच्या खोक्यावरचं लेबल चिकटवलेलं होतं. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आकडे येत होते. वर धुराडं असलेल्या इमारतीचं इवलंसं चित्र आणि 2002-11. खाली डमरूसारखी एक खूण, आणि तिच्यापुढे 2007-11. केव्हा बनवलं ते वर, केव्हा संपणार ते खाली. संपून पाच महिने झाले होते.

तिने कार्ड मिटलं. मग उठून चालून पाहिलं. चालता येत होतं. मालावरून हात फिरवून काही कळत नसतं, तारखेवरूनच कळतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तेव्हापासून तिने तो खुबा जपला आणि लपवला. ज्या पायाने तिला रांगणं विसरायला लावलं, तो ती कुणाला परत देणार नव्हती.

आता भिंतीआडून तिला ओट्यावरचं बोलणं ऐकू येत होतं.

"काका, हिराबाई ओव्हाळ इथंच राहतात का?"

"ऱ्हातात म्हंजे? पन्नास वरसं झाली, जायचं नाव काढंना."

"म्हणजे आहेत!" मुलगी एवढ्या आनंदाने म्हणाली, की हनुमंत बावचळला.

"आसंल न्हाईतर काय? मेली म्हून कुणी सांगितलं?"

"तसं नाही हो. मी अनघा. दवाखान्याच्या अभ्यासात काम करते. २००३च्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत असा सांधा बसवलेले एकशे बारा जण आहेत आमच्या यादीत. त्यातले अठरा सापडतच नाहीत. त्यांचा सांधा टिकला म्हणायचं की बिघडला म्हणायचं? आपण कसं धरतो त्यावर सगळं उत्तर बदलतं. म्हणून मी दारोदार फिरतेय."

"आमचा टिकलाय. फॉरेनचा पाहुणा हाय त्यो. आला त्यो गेलाच न्हाई." हनुमंताने हाक मारली, "हिरे! अगं कुटं हाईस? ये की भायेर, पदर दिसतोय तुजा न्हाणीमागं."

हिराबाई लुगड्याला लागलेली माती झटकत आली. मुलगी दिसायला गरीब होती. पण माल उचलायला येणारी माणसंही गोडच बोलत.

अनघाने कागद काढला. "मावशी, चालताना काठी लागते का?"

"कशाला?"

"जिना चढता येतो?"

"माळ्यावर चढती की रोज."

"मोजे घालता येतात?"

हिराबाईने हनुमंताकडे पाहिलं, हनुमंताने हिराबाईकडे. "मोजे? आन् ते कशापायी?"

"म्हणजे..." अनघा गडबडली. "वाकून हात पावलापर्यंत जातो का, असं विचारायचंय."

"जोडवी घालती ना माजी मी."

अनघाने मोज्यांच्या रकान्यात 'जोडवी घालतात' असं नीट लिहिलं. "आणि दुखतं का?"

"अजाबात न्हाई."

हे मात्र खोटं होतं. गेल्या थंडीपासून सकाळी उठलं की जांघेत काहीतरी अडे. तीन-चार पावलं अडखळत जात, मग पाय मोकळा होई. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"शंभरपैकी शंभर!" अनघाने बेरीज करून सांगितलं, तसा हनुमंत स्वतःच पास झाल्यासारखा हसला. "आता फक्त एक एक्स-रे. उद्या तळेगावात आमच्या डॉक्टरांची तपासणी आहे, तिथंच होईल."

"न्हाई," हिराबाई म्हणाली.

"अगं, फोटू तर काढायचा हाय," हनुमंत म्हणाला. "तुजं लगीन न्हाई ठरवायचं."

"एकदा न्हाई म्हनलं न्हवं?"

तिचा उजवा हात खुब्यावर गेला होता. अनोळखी माणसासमोर आईने लेकरू पदराआड घ्यावं, तसा. अनघाला ते दिसलं. तिने पेनचं टोपण लावलं.

"नसेल यायचं तर नका येऊ, मावशी. जबरदस्ती नाही. पण का, ते सांगाल? मला खरंच कळून घ्यायचंय."

'का' असं हिराबाईला सतरा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार कोण, कुणाला ठाऊकच नव्हतं. ती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि कार्ड घेऊन ती बाहेर आली.

"मला येडी समजू नगा. बारा वरसं तारखेच्या टेबलावर बसलीया मी. हे बगा. दोन हजार सात. तुमी रिटन माल गोळा करत फिरताय, मला कळतंय. पर ह्यो माल न्हाई, माजा पाय हाय. म्या देणार न्हाई."

अनघाने ती डमरूची खूण पाहिली. तिच्या ओठांवर आलेलं हसू हिराबाईच्या डोळ्यांकडे बघताच विरलं.

"तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे," ती म्हणाली. "ही संपण्याचीच तारीख आहे. ती वाळूच्या घड्याळाची खूण आहे. पण मावशी, ती तारीख खोक्याची. सांधा जंतू मारून सीलबंद करतात, आणि या तारखेच्या आत खोकं फोडून बसवायचा असतो. तुमचा २००३ला बसवला. वेळेत."

"चिक्कीचा डबा फोडला म्हून तारीख वाढती का? उलटी लवकर संपवावी लागती, न्हाईतर मऊ पडती."

मुद्दा बिनतोड होता. अनघाने पेन गालाला लावलं. कार्ड बाहेर आल्यापासून हनुमंत त्याच्याकडेच बघत होता. आता तोच बोलला, तेही बायकोकडे न बघता.

"भाताचं बियाणं घे. पिशवीवर तारीख असती का न्हाई? त्या तारखेच्या आत टाकलं, रुजलं, खाचरात उभं ऱ्हायलं. मग पिशवीवरची तारीख कोण बगतंय?"

"हेच!" अनघा ओट्यावरून उठलीच. "हेच म्हणायचं होतं मला. मावशी, तुमच्या मांडीच्या हाडात जी खुंटी ठोकलीय ना, तिला सिमेंट नाही. तिच्यावर खरखरीत लेप आहे. आपल्या हाडात जो क्षार असतो, त्याच्याच जातीचा. हाडाला तो परका वाटत नाही. त्याला धरून हाड वाढतं आणि खुंटी पकडून बसतं. ती रुजते म्हणा ना."

हिराबाईने कार्ड परत हातात घेतलं.

"रुजलीया का न्हाई, ते कशावरनं?"

"ते फोटोतच दिसेल. वरून नाही कळत."

अनघा गेली. हनुमंताने चहाचे कप उचलले, धुतले, पालथे घातले. मग म्हणाला, "सतरा वरसं?"

"व्हय."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी दवाखान्यात घिऊन गेला असता."

"गेलोच असतो." तो कपांकडेच बघत राहिला. "आगं, काढून घेतला असता तरी मी व्हतो की. आदी न्हवतो का?"

"तुमचीच पाठ आठवायची मला. रुळावनं वाकडी हून यायची, आन् वर मी."

हनुमंताने ओले हात पुसले. तो म्हणाला, "उद्या नऊच्या लोकलनं जाऊ. गर्दी नसती." ती नाही म्हणाली नाही.

तळेगावात डॉक्टरीणबाईंनी फोटो पडद्यावर लावला. हाडाच्या करड्या रंगात खुंटी पांढरीफेक उभी होती. हिराबाईने तिला पहिल्यांदाच पाहिलं. तिला वाटलं होतं त्याहून ती लांब निघाली, आणि देखणीसुद्धा.

"खुंटी सैल झाली असती तर तिच्या कडेने काळी रेघ दिसली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रेघ नाही. हाड थेट जाऊन भिडलंय. हा खुंटीवरचा गोळा मात्र कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीच्या मधोमध नाही, जरा वर सरकलाय. वाटीत प्लास्टिकचं अस्तर असतं, ते झिजलंय. दोनेक मिलिमीटर. बावीस वर्षं चाललात, तर चपलेसारखं ते झिजणारच. दुखतं का कधी?"

हिराबाईने उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं. "दुखतंय म्हनलं, तर काडून घ्याल?"

"अस्तर फार झिजलं तर अस्तर बदलू. खुंटीला हात नाही लावणार. आणि आता ती काढायची म्हटलं तरी सहज निघायची नाही, हाड कापावं लागेल. तुमच्या हाडाने तिला आपलं म्हटलंय."

"म्हंजे कुणी मागितली, तरी देता यायची न्हाई?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मागणार कोण, ते त्यांना कळलं नव्हतं. हनुमंताने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पंच्याने नाक पुसलं.

हिराबाईने पडद्याकडे परत एकदा पाहून घेतलं. मग तिने सगळं सांगितलं, सकाळची पावलं, जांघेतलं अडणं, थंडीपासून. डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून, फिरवून पाहिला. हे अस्तरामुळे असेल किंवा नुसत्या स्नायूमुळे, एका फोटोवरून नक्की सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा, आणि तोवर रोज सकाळी किती पावलं अडतं ते लिहून ठेवायचं. 'नक्की सांगता येत नाही' हे हिराबाईला आवडलं. ज्याला कळत नाही तो सहसा असं म्हणत नाही.

बाहेर बाकावर अनघा कागद भरत होती. हिराबाई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"पोरी, काल म्या खोटं सांगितलं. त्ये खोड."

अनघाने 'अजिबात नाही' खोडलं, 'थोडं, अधूनमधून' यावर खूण केली, बाजूला तारीख आणि सही केली. "शहाण्णव झाले, मावशी."

"चार मार्क गेलं की गं!" हनुमंत कळवळला. "शंभर व्हते चांगले!"

"गप ऱ्हावा. खरं हाय ते लिव्हू दे तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई उठून बसली, तर हनुमंत आधीच उठून पलंगाशेजारी उभा. एका हातात पेन्सिल, दुसरा हात तिच्यासाठी पुढे केलेला.

"धरू नगा," ती म्हणाली. "धरलं तर कसं कळायचं? तुमी मोजा."

त्याने हात मागे घेतला, पण फार मागे नाही. ती उभी राहिली.

"एक," हनुमंत म्हणाला. "दोन. अडतंय?"

"अडतंय. बोलू नगा, मोजा."

"तीन."

ती क्षणभर थांबली. मग पाय उचलला आणि सरळ चालत दारापर्यंत गेली. हनुमंत भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला, चष्मा नाकावर ठीक केला, आणि त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात ३ लिहिला.

"तीन का चार, नीट सांग," तो म्हणाला. "सहा महिने लिव्हायचंय हे."

"तीनच," दारातून हिराबाई म्हणाली. "चौथं मोकळं गेलं."