सव्वीस ग्रॅम

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, चार माणसांच्या देखत, माझ्या पिशवीवरची लाख फोडली गेली. चौदा महिन्यांनी मला उजेड दिसला.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना वयाने; कामाच्या बाबतीत कोरा करकरीत. माझ्यातून आजवर कुणी कुणाला हाक मारलेली नाही. तरीही एक हजार सहाशे चाळीस मोबाइल माझ्याकडे पाहून विकत घेतले गेले, हे मी ताठ मानेने सांगतो.

आरोग्य खात्याला घरोघरी फिरणाऱ्या नर्ससाठी मोबाइल घ्यायचे होते. खात्याची एक चांगली पद्धत आहे. मोठी खरेदी ठरली की पुरवठादाराकडून आधी एक नग मागवतात. तो तपासतात, कापडी पिशवीत घालून तोंड शिवतात, वर लाखेचे सील लावतात आणि सगळे सह्या करतात. पुढे माल आला की तो या नगाशी ताडून घ्यायचा. अशा नगाला नमुना म्हणतात. मी तो नमुना.

माझी तपासणी कडक झाली. मला टेबलावरून खाली टाकले, ओल्या हातांनी हाताळले, दिवसभर चालू ठेवले. मी सगळ्यांना पुरून उरलो. शेवटी भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी मला टपालाच्या वजनकाट्यावर ठेवले. दोनशे चार ग्रॅम. तो आकडा त्यांनी पिशवीच्या चिठ्ठीवर लिहिला. तशी अट नव्हती, पण हाताखालून जाणारी प्रत्येक वस्तू तोलायची त्यांची सवयच होती. म्हणून कार्यालयात त्यांना सगळे काटाताई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावरही.

मला लोखंडी कपाटात ठेवले. माझ्या एका बाजूला चादरीचा नमुना होता, दुसऱ्या बाजूला बादलीचा. शेजार बरा होता. बादली जरा जास्त वाजायची, इतकेच.

माल आला तो आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. खरेदी अधिकाऱ्यांना कार्यालयात घाईसाहेब म्हणत. त्यांच्याकडे उद्याचे काम नसेच. त्या संध्याकाळी ते काटाताईंच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. निधी आजच खर्च झाला नाही तर परत जाईल, म्हणाले. काटाताईंनी दहा खोकी उघडली. तोच रंग, तीच काच, मागे तोच मजकूर. त्यांनी पावतीवर लिहिले, "नमुन्याप्रमाणे माल मिळाला," आणि सही केली. त्या दिवशी तेवढा काटा टेबलाखालून वर आला नाही. मी कपाटात होतो. मला कुणी विचारलेही नाही.

मोबाइल वाटले गेले. वर्तमानपत्रात फोटो आला. पुढे वर्षभर मी काही ऐकले नाही.

मग एका सोमवारी एक नर्स भांडारात आली. कपाटातल्या पिशवीत मला तिचा आवाज तेवढा ऐकू आला. आवाज दमलेला होता, पण जीभ शाबूत होती.

"ताई, हा फोन परत घ्या आणि मला एक मांजर द्या. दुपारी झोपायचंच असेल तर निदान मांडीवर तरी झोपेल."

"झालं काय?" काटाताईंनी विचारले.

"बारा वाजले की हा आडवा. माझी फेरी नऊ ते दोन. बाळांना लस मी टोचते, पण नोंद त्याच घरातून करावी लागते. घरी जाऊन भरलेली चालत नाही. कुणाच्या घरी किती वेळ प्लगपाशी उभं राहू? एक आजी म्हणाली, बाई, तू लस द्यायला येतेस की वीज न्यायला?" ती हसली आणि मग तिचे हसू विझले. "त्रेचाळीस भेटी झाल्याच नाहीत, असं यंत्र म्हणतंय. कामात हयगय केली म्हणून नोटीस आलीय. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं, नाहीतर घरी बसायचं. घरात कमावणारी मी एकटी. धाकट्या बहिणीचं शिक्षण माझ्यावर आहे."

मग टेबलाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. काटा वर आला होता.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," काटाताई म्हणाल्या. कपाट उघडले. माझ्या पिशवीवरची चिठ्ठी त्यांनी वाचली. सील त्यांनी तोडले नाही. ते समितीशिवाय तोडता येत नाही. पण दोनशे चारमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करायला समिती लागत नाही.

त्या तडक घाईसाहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडे होते आणि भिंती पातळ होत्या.

"सव्वीस ग्रॅमनं काय आभाळ कोसळतं का, ताई?"

"बॅटरी लहान घातलीय, साहेब. नमुना उघडा."

"पावतीवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग? स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेताय?"

"सही माझी आहे, म्हणूनच मी आलेय," काटाताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची असती तर कदाचित गप्प बसले असते."

मित्रांनो, पिशवीतून ऐकलेले ते वाक्य मी विसरणार नाही.

अर्ज लेखी गेला, पोचपावती घेतली गेली, समिती बोलावली गेली. आता मी त्या मंगळवारकडे परत येतो. टेबलाभोवती काटाताई, नर्स, पुरवठादाराचा माणूस आणि बाहेरून आलेले एक तंत्रज्ञ होते. घाईसाहेबांना अचानक दुसरीकडे घाई होती. मी आणि नर्सचा मोबाइल, आम्ही दोघे पूर्ण चार्ज झालो. बरोबर बारा वाजता आमच्यात नोंदीचे तेच काम सुरू केले.

पुरवठादाराचा माणूस गोड बोलणारा होता. "कंपनीनं मॉडेल सुधारलंय, ताई. हातात धरायला सोपं."

"बारानंतर तर फारच सोपं," नर्स म्हणाली. "काही करावंच लागत नाही."

मी समोरच्याकडे पाहत होतो. हुबेहूब माझे तोंड. पण तीन वाजून पाच मिनिटांनी त्याचा पडदा काळा झाला. माझ्यात तेव्हा सत्तेचाळीस टक्के बाकी होते. साडेपाचला तंत्रज्ञांनी चाचणी थांबवली, तेव्हा सहा टक्के उरले होते आणि मी जागा होतो. नऊ ते दोनची फेरी मी आरामात केली असती. मला अभिमान वाटला. तो झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

पण समोरच्याचा मला राग आला नाही. त्याच्या पोटात जेवढे भरले, तेवढा तो चालला. तो आळशी नव्हता आणि त्याला घेऊन उन्हात फिरणारी बाईही आळशी नव्हती. लोकांच्या करातून सोळाशे चाळीस पुऱ्या मोबाइलचे पैसे गेले आणि हातात अपुरे आले. उरलेले ओझे नर्सनी वाहिले. कुणी पदरचे पैसे घालून जादा बॅटरी घेतली, कुणी नोटीस घेतली.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. सगळ्यांच्या पैशांची वस्तू घ्याल तेव्हा खोके पाहून सही करू नका. ती हातात घ्या, तोला, दिवसभर चालवून बघा. आणि कपाटातल्या नमुन्याला वेळेवर बाहेर काढा. बोलायला आम्ही तयार असतो.

मला पुन्हा पिशवीत शिवले आहे. चाचणीच्या अहवालाची प्रत माझ्यासोबत, चिठ्ठीवर दोनशे चार आणि एकशे अठ्ठ्याहत्तर हे दोन्ही आकडे, काटाताईंच्या अक्षरात. काटाताईंकडून त्या जुन्या सहीचा खुलासा मागवला आहे. त्यांनी तो एका ओळीत दिला: "त्या दिवशी मी माल तोलला नाही." नर्सच्या उत्तराची मुदत पंधरा दिवस पुढे गेली. नोटीस रद्द झालेली नाही. ती रोज नऊला फेरीला निघते, खांद्यावर चार्जर घेऊन.

मूळ अहवालावर सह्यांच्या पाच जागा आहेत. चार भरल्या. पाचवी खरेदी अधिकाऱ्यांची, म्हणजे घाईसाहेबांची. आज सकाळी साडेदहापर्यंत ती कोरी होती.