अजीव

सासऱ्यांनी पाटीचा शेवटचा स्क्रू सैल केला आणि पाटी सुनेच्या हातात दिली.

"धर जरा. जपून हं, जड आहे."

संग्रहालयातल्या खडकांच्या दालनाचे ते प्रमुख. आज सुट्टी, त्यामुळे दालनात चिटपाखरू नव्हतं. बाळ गेल्यापासून सून भिंतीकडे तोंड करून बसायची. "हिला जरा बाहेर न्या," म्हणून सासूबाईंनीच तिला त्यांच्याबरोबर धाडलं होतं.

दिवस भरत आले असताना बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातलं सगळं सासऱ्यांनीच उरकलं, त्या गुंडाळलेल्या कापडाकडे न बघता. "जे जन्मालाच आलं नाही, त्याचं दुःख किती उगाळायचं?" असं ते तेव्हा मुलाला म्हणाले होते. पलीकडच्या खाटेवर सून जागी असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"बाबा, 'अझोइक' म्हणजे काय हो?" तिने पाटीवर बघत विचारलं.

कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली होती. त्यांना इतकं हायसं वाटलं, की ते वर्गात शिकवावं तसे सुरूच झाले.

"ग्रीक शब्द आहे. त्यांचा 'अ' आपल्यासारखाच, नकाराचा. 'झोई' म्हणजे जीवन. थोडक्यात, अजीव. सगळ्यात जुन्या खडकांत जिवाची खूण सापडेना, म्हणून पूर्वीच्या लोकांनी त्या काळाला हे नाव देऊन टाकलं."

"मग पाटी का काढताय?"

"पुढे सापडल्या ना खुणा! अगदी बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. शब्द मोडीत निघाला."

"म्हणजे जीव होता."

"होता तर!"

"त्यांना दिसला नाही, म्हणून नाही म्हणाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. सासऱ्यांच्या हातातला स्क्रू निसटून फरशीवर घरंगळत गेला. तो उचलायला ते वाकले आणि तसेच उकिडवे बसून राहिले. मान वर न करताच त्यांनी विचारलं,

"पोरी, नाव ठरवलं होतं का गं तुम्ही त्याचं?"

सुनेने पाटीवरची धूळ पदराने पुसली. मग पुन्हा पुसली.

"तिचं," ती म्हणाली.

सासऱ्यांनी भिंतीला हात टेकवला आणि ते खाली फरशीवरच बसले. पाटी बाजूला ठेवून सूनही त्यांच्याशेजारी टेकली. मग तिने, कुणी झोपलेलं असावं तशा हलक्या आवाजात, ते नाव त्यांना सांगितलं.