जनावर कोणतं तें आधीं सांगा

माझ्या सासऱ्यांकडे तीन बंदुका होत्या आणि चेन्नईच्या मैलापुरात त्यांनी मारावं असं जनावर एकच होतं, आमच्या पार्किंगमधली घूस. तिच्यावर गोळी झाडायला कायद्याची हरकत नसती कदाचित, पण सोसायटीच्या सेक्रेटरींची होती.

सासरे म्हणजे तुळजाजीराव. त्यांचे पूर्वज कधीकाळी एका स्वारीबरोबर इकडे आले आणि परतीचं बघू म्हणता म्हणता राहिले. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलो, माझंही तेच झालं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा एखाद्या मोडी कागदाला कंठ फुटलाय असं वाटलं होतं. मधूनमधून त्या कागदावर तमिळचा शिक्का. मला ते ‘माप्पिळ्ळे’ म्हणतात, म्हणजे जावई. तीस वर्षांत नावाने हाक मारलेली नाही, त्यामुळे माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, हे मी आता विचारत नाही.

बंदुका आरणीकडच्या शेतावरच्या. जव्वादू डोंगराच्या पायथ्याला त्यांचा भुईमूग होता. बहात्तर साली शिकार बंद झाली, पुढे शेतही गेलं, पण परवान्याचं नूतनीकरण सासऱ्यांनी कधी चुकवलं नाही. निवडणूक आली की तिन्ही बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि निकालानंतर परत यायच्या. सासरे त्याला ‘माहेरीं गेल्या’ म्हणत. बाकी वर्षभर त्या कपाटात, आणि आयुधपूजेला एक दिवस टेबलावर.

त्या वर्षी पूजेच्या दिवशी मी पेपरात वाचलेलं सांगितलं. नव्या कायद्याप्रमाणे एका माणसाला दोनच बंदुका. तिसरी डिसेंबरच्या मध्यापर्यंत ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची.

टेबलावर तेव्हा तिन्ही निजल्या होत्या, दुनळी, थ्री-फिफ्टीन आणि पॉइंट टू-टू. शेजारी माझ्या स्कूटरची किल्ली, मिक्सर आणि आमच्या मुलीचा, तनयाचा, लॅपटॉप. सगळ्यांना सारखं चंदन. तनयाने फोटो बरा यावा म्हणून सगळ्यांत आखूड बंदूक मधे ठेवली होती.

सासऱ्यांनी कुंकवाचं बोट पंच्यावर पुसलं. "कोणती द्यायची?" ते म्हणाले. प्रश्न आम्हाला नव्हता, पण आमच्या घरात प्रश्न कोणाला आहे हे कोणी बघत नाही.

"त्यात काय अप्पा, पॉइंट टू-टू द्या," माझी बायको शर्मिष्ठा म्हणाली. "खेळणं आहे ते. थ्री-फिफ्टीन नाही द्यायची. बिबट्याची बंदूक ती."

बिबट्या आमच्या घराण्यातला कर्ता पुरुष आहे. त्याने एक वासरू नेलं, सासरे दोन रात्री मचाणावर बसले, आणि तिसऱ्या प्रकरणात बिबट्या मरतो. निदान शर्मिष्ठेने शाळेत असंच सांगितलं होतं. सासऱ्यांच्या मूळ प्रतीत बिबट्या येतो, बसतो, जांभई देतो आणि जातो. मागे वस्तीचे दिवे होते, आणि थ्री-फिफ्टीनची गोळी जनावर चुकली तर कुठवर जाईल याचा नेम नाही, म्हणून त्यांनी चाप ओढला नाही. ही प्रत लग्नकार्यात चालत नाही.

तनया ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्यामुळे तिने विषय मुळापासून घेतला. पुढचा आठवडाभर ती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघत होती. टोपी घातलेले गृहस्थ, मागे बर्फ, आणि कोल्ह्याला कोणती गोळी, बिळातल्या जनावराला कोणती, यावर दोन दोन तास. शेवटी एका रात्री ती आजोबांना म्हणाली, "ताता, टू-टू फार हलकी आणि थ्री-फिफ्टीन फार जड. मधलं काहीतरी हवं. ते तुमच्याकडे नाहीच."

"म्हणजे एक द्यायची म्हणून बसलो, आणि तीन देऊन एक विकत आणायची," मी म्हणालो.

"बाबा, मी फक्त फिजिक्स सांगतेय."

माझं मत विचारलं नव्हतं, तरी मी दिलं. दुनळी त्यांच्या वडिलांची, ती ठेवावी. थ्री-फिफ्टीनला मागणी असते, तीही ठेवावी. सव्वीस वर्षं कर्ज-विभागात काढल्यावर माणूस दुसरं काय बोलणार.

सासरे सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "जनावर कोणतं तें आधीं सांगा. मग बंदूक सांगतों."

"आता कुठलं जनावर, अप्पा?"

"तेंच तर विचारतों. असकीं जनावरं एक नव्हत, सगळ्यांस एक बंदूक नव्हे. रानडुकरास दुनळी. अंधारांत येतंय, जवळ येतंय, नेम धरायला वेळ कुठे? बिबट्यास थ्री-फिफ्टीन, पण मागं माती पाहिजे, गांव नको. उंदीर, खार, कोंबड्या नेणारं उदमांजर, यांस बावीस, हीच तुमची टू-टू. आवाज नाही, कातड्यास एक भोक, पोदुम, तेवढं पुरे."

"आणि कोल्हा?" तनयाने विचारलं. तिचे सगळे व्हिडिओ कोल्ह्यावर अडले होते.

"कोल्ह्यास बावीस पुरे होय. पण मारूं कोण देतो? सकाळीं उठून त्याचं तोंड पाहिलं तर दिवस चांगला जातो म्हणून गांव त्याचीच वाट पाहायचं. मी बंदूक उचलली तर बाया मज शिव्या घालायच्या. त्याला कोंबडी, आम्हांस शुभशकुन. सरी, जेवायला वाढा."

निर्णय झाला नाही. नोव्हेंबर तसाच गेला. रात्री जेवण झालं की ते कपाट उघडत, तिन्ही नळ्यांतून तेलाची चिंधी फिरवत आणि कपाट बंद करत. शर्मिष्ठा मला म्हणायची, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील." लग्नानंतर ही समजूत तिने इतकी वर्षं कशावर टिकवून ठेवली आहे, कळत नाही.

शेवटी डिसेंबरात एका सकाळी ते इस्त्रीची पँट घालून बाहेर आले. "माप्पिळ्ळे, टॅक्सी बोलवा. तिन्ही घेऊन जाऊं. तिथं बघूं."

बंदुका त्यांच्या लांबट पेट्यांत घालून आम्ही निघालो. ड्रायव्हरने पेट्या डिकीत ठेवताना आदराने विचारलं, "वीणा का सार? यंदा गाण्याच्या कचेऱ्या ऑनलाइन आहेत ना?" मैलापुरात मार्गळीच्या गाण्याच्या हंगामात लांब पेटी घेऊन निघालेल्या माणसाला दुसरं काही विचारत नाहीत. सासरे मास्कच्या आतून म्हणाले, "साथीला कोणी नाही, म्हणून थांबलंय." पुढे सगळा रस्ता तो ड्रायव्हर त्यांना आपल्या बहिणीच्या गाण्याबद्दल सांगत होता.

माउंट रोडच्या मागच्या गल्लीत रामस्वामींचं दुकान. सासऱ्यांच्याच वयाचे. एके काळी भिंतभर रायफली होत्या. आता काचेत छऱ्याच्या बंदुका, गच्चीवरची माकडं पळवायला, आणि कोपऱ्यात बॅडमिंटनच्या रॅकेटी. दोघं तमिळमध्ये आधी गुडघ्यांबद्दल बोलले, मग पेट्या उघडल्या.

रामस्वामींनी थ्री-फिफ्टीन उचलली, बोल्ट मागेपुढे केला आणि नुसती मान हलवली. "ही उद्या जाईल, राव. येर्काडच्या एका मळेवाल्याला हवीय. रानडुकरांनी त्याचं सगळं उकरून टाकलंय, तो परवानगीच्या मागे लागलाय. पण तुम्ही ही देऊ नका. असं लाकूड आता येत नाही."

मग त्यांनी बावीस उचलली, खांद्याला लावली, आणि ती लागेना. मान वाकडी करून पाहिली. दस्ता फार आखूड होता.

"हा कोणी कापला?"

"आरणीचा सुतार. तीन बोटं," सासरे म्हणाले. "सईबाईचा हात चापापर्यंत पोचत नव्हता."

सईबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या हातात मी कायम फुलांची परडी नाहीतर रेशन कार्ड पाहिलं.

"मग हिला गिऱ्हाईक नाही," रामस्वामी म्हणाले. ते वाईट मनाचे नाहीत, दुकानदार आहेत. "मोठ्या माणसाच्या खांद्याला बसत नाही, आणि लहान मुलाला परवाना नाही. पडून राहील. मग सरकारजमा, मग भट्टी."

सासऱ्यांनी बावीस त्यांच्या हातातून घेतली, पेटीत ठेवली आणि पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. मग थ्री-फिफ्टीन काउंटरवर पुढे सरकवली.

"मामा, एकदा विचार करा," मी म्हणालो. "घरी काय सांगणार?"

"हीस घर मिळतंय, माप्पिळ्ळे. डुक्करही मिळतंय. पन्नास वर्षं माझ्या कपाटांत चंदन लावून घेतलं बिचारीनं."

पावती मिळाली. परतताना पेट्या दोनच होत्या, आणि आम्ही रिक्षाने आलो.

शर्मिष्ठेने दारातच पेट्या मोजल्या. "बिबट्याची दिलीत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढत नाही तेव्हा मी स्वयंपाकघरात जातो, पण त्या दिवशी जागचा हललो नाही.

"बिबट्यास मी मारला नाही, शर्मी. तुज ठाऊक आहे."

"म्हणून काय झालं? गोष्ट तर होती. ह्या खेळण्याची काय गोष्ट आहे?"

सासरे खुर्चीत बसले. "त्या भुईमुगावर आपलं घर चाललं. आणि भुईमूग बिबट्या खात नाही. उंदीर खातो, खार खाते. तुझी आई ही बावीस घेऊन खळ्यावर वेताचा मोडा टाकून बसायची, संध्याकाळ होईस्तोवर. मी दुनळी घेऊन रानभर हिंडायचों आणि रिकामा यायचों. ती उठायची तंव मेल्या उंदरांची रांग लागलेली असायची."

"आई? मला कोणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? उंदरांच्या गोष्टी कोण ऐकतो? बहात्तरांत तिनं बंदूक पुसून ठेवली. तूं रांगत होतीस कीं चालत, मज आठवत नाही. लोक घरीं यायचे तें बिबट्याच विचारायचे. तीही आंत कापी गाळत ऐकायची."

त्यांनी पेटी उघडली, बोल्ट मागे ओढला, नळी रिकामी आहे हे आधी डोळ्याने आणि मग बोटाने पाहिलं, आणि बंदूक शर्मिष्ठेपुढे धरली. तिने ती दुधाची तापलेली पातेली धरावी तशी धरली. मग खांद्याला लावली.

बसली. मान वाकडी करावी लागली नाही, हात ताणावा लागला नाही. दस्ता खांद्यात गेला, गाल लाकडावर टेकला, आणि बोट सरळ चापाशी पोचलं. तनया फोन काढायला निघाली होती, ती थांबली.

शर्मिष्ठेने बाल्कनीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला आणि सगळे धरतात तसा डावा डोळा मिटला.

"मिटूं नको," सासरे म्हणाले. "ती दोन्ही उघडे ठेवायची."

शर्मिष्ठेने दोन्ही उघडले. दोन्ही भरलेले होते, टाकी काही दिसत नसणार. तरी तिने बंदूक बराच वेळ खाली घेतली नाही, आणि सासऱ्यांनीही ती परत मागितली नाही.