पुंडलिक गोताडची घरपट्टी

१९९७ च्या मार्चमध्ये सरपंच राजाभाऊंचं पत्र आलं, तेव्हा पुंडलिक गोताड खोलीतल्या सोबत्याला, जाफरला, बघायला दवाखान्यात निघाला होता. पत्र त्याने बसमध्येच फोडलं.

गेल्या वर्षी गावच्या काजूच्या बागा वणव्यात खाक झाल्या होत्या. म्हणून गावाने आग विझवणाऱ्यांचं पथक उभं केलं, आणि पथकातल्या माणसांची घरपट्टी माफ करायचं ग्रामसभेत ठरलं. 'तुम्ही परमुलखात हेच काम करता,' राजाभाऊंनी लिहिलं होतं, 'म्हणून यादीत पहिलं नाव तुमचं. एकानेही हरकत घेतली नाही.'

पुंडलिकची कानशिलं तापली. आखातातल्या शुऐबाच्या ज्या कारखान्यात तो पाइपफिटर होता, तिथल्या कामगारांच्या आग-पथकात तो होता खरा. हेल्मेट आणि जाड कोट घातलेला फोटो त्याने बायकोला, ठकूबाईला, हौसेने पाठवला होता, आणि तिने तो गावभर फिरवला होता.

पण पंधरा दिवसांपूर्वी कारखान्यात खरीखुरी आग लागली. पाण्याच्या होजपाइपवर दोघं असत. पुढे नळी धरून जाफर, मागून जोर लावायला पुंडलिक. टाकीपाशी भडका उडाला आणि पुंडलिकने पाइप सोडला. सोडला आणि धावत सुटला, थेट गेटपर्यंत. मागचा आधार गेल्यावर होजपाइप सापासारखा उसळला आणि जाफर तापलेल्या लोखंडावर आपटला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

जाफर दापोलीकडचा. दोघं एकाच खोलीत सात वर्षं राहिलेले.

"ये रे, बस," जाफर खाटेवरून म्हणाला. हाताला पांढरं बँडेज होतं. "चौकशीवाले आले होते. मी सांगितलं, होज निसटला."

"निसटला नाही. मी सोडला."

"ते मला ठाऊक आहे. त्यांना कशाला सांगू? तुझी नोकरी गेली असती."

पुंडलिकने खिशातलं पत्र आणखी आत ढकललं.

शुक्रवारी त्याने गावच्या दुकानात फोन लावून ठकूबाईला बोलावून घेतलं.

"घरपट्टी भरून टाक. माफी नको आपल्याला."

"अवो, का पण? मानाने देतायत ते."

"भर म्हटलं ना!"

कारण सांगायचा त्याला धीर झाला नाही. ठकूबाईने मुकाट्याने पैसे भरले.

पुढच्या शुक्रवारी तीच हसत बोलली. "राजाभाऊंनी चावडीवर सगळ्यांना सांगितलं. म्हणाले, माणूस असावा तर असा, केलेल्या कामाची माफीसुद्धा घेत नाही. पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार करायचा म्हणतायत."

पुंडलिकने फोन ठेवला. खोटं न बोलताच तो आणखी मोठा झाला होता, आणि ते त्याला सोसेना.

दुसऱ्या दिवशी तो फोरमन हरिश्चंद्रसमोर उभा राहिला आणि होज आपण सोडल्याचं सांगून टाकलं. हरिश्चंद्रने त्याला पथकातून काढलं, तीन महिने बढती रोखली, पण नोकरीवर ठेवलं. मग पुंडलिकने राजाभाऊंना तेच सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'हे पत्र ग्रामसभेत वाचावं. माझ्या बायकोला यातलं काही माहीत नव्हतं.'

उत्तर आलं नाही. महिन्याभराने त्याने फोन लावला.

"सभेत वाचलं पत्र," ठकूबाई म्हणाली.

"लोक काय म्हणाले?"

"कोण काय म्हणणार? सगळे गप्प बसले. मी उठून घरी आले."

"तू... रागावलीस?"

"मला आधी सांगायचंत," ती म्हणाली. "मी गावभर फोटो दाखवत फिरले. मला तरी आधी सांगायचंत."

मागे फोनच्या रांगेतला माणूस घाई करत होता. पुंडलिकने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे तीही होती.