तिसरं कागदी फूल

कल्पना करा मुलांनो, तुम्ही प्रार्थनामंदिरात अगदी पुढच्या बाकावर बसला आहात. पाय जमिनीला टेकत नाहीत. आणि तुमचे आजोबा सगळ्या मंडळीसमोर उभे राहून खणखणीत आवाजात सांगताहेत, "आज आपल्यात एक नवीन ताई आल्या आहेत. ताई, जरा उभ्या राहा बरं."

हे आजोबा धंद्याने शिंपी. रविवारी दारात थांबून येईल त्याचा हात हातात घ्यायचा आणि नव्या माणसाच्या खांद्यावर टाचणीने कागदी फूल लावायचं, हे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलेलं. उपासना संपली की फूल लावलेल्या माणसाभोवती सगळ्यांनी जमायचं, चहा द्यायचा, विचारपूस करायची, अशी तिथली रीत. "आपल्याकडे कुणी परकं राहत नाही," असं आजोबा घरी जेवतानासुद्धा म्हणायचे. फुलं कापायचं काम नातीचं.

शेवटच्या बाकावरची बाई उभी राहिली. खांद्यावर निळं फूल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ती बसली नाही.

"मी नवीन नाही," ती म्हणाली.

"लाजू नका ताई," आजोबा हसले. "पहिल्यांदा सगळेच लाजतात."

तिने पर्स उघडली. चपटी झालेली दोन कागदी फुलं काढून तळहातावर ठेवली. एक पिवळं, एक लाल.

"हे पिवळं पहिल्या रविवारचं. लाल, मी केस कापले तेव्हाचं. आजचं तिसरं. दोन वर्षं येतेय मी, काका."

कुणीतरी खोकायला लागलं आणि मधेच थांबलं.

सवयीने आजोबांची नजर तिच्या कोटावर गेली आणि तिथेच त्यांना उमगलं. ते माणसं कपड्यांवरून ओळखायचे. आपल्या हातची शिवण दिसली की त्या माणसाचं नाव, त्याची पोरंबाळं, दुखणीखुपणी, सगळं ओठांवर यायचं. हिचा कोट दुकानातून तयार घेतलेला, आणि आजचा नवा कोरा. दर रविवारी दारात त्यांनी हिचा हात हातात घेतला होता, पण चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"फूल लावलं की लोक बोलायला येतात ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं. "पुढच्या रविवारी कुणी येत नाही. आज ही फुलं परत द्यायलाच आणली होती. घरी एकटी असते, ते निदान ठाऊक असतं. इथे दर वेळी नव्याने कळतं."

पुढच्या बाकावरून आजी हळूच म्हणाल्या, "अहो, नुसते उभे काय राहिलात? बोला काहीतरी."

"चुकलं माझं," आजोबा म्हणाले. पण ज्या आवाजाने सगळं मंदिर भरायचं, तो आज दुसऱ्या बाकापलीकडे गेलाच नाही.

आजीशेजारी बसलेली नात मात्र मागे वळून त्या पिवळ्या फुलाकडे बघत होती. एक पाकळी मोठी, बाकीच्या बारक्या. तेव्हा तिला कात्री नीट धरता येत नव्हती.

"ते मी केलंय," ती म्हणाली आणि बाकावरून खाली घसरली.

"अगं, कुठे निघालीस?" आजींनी फ्रॉकचं टोक धरलं, पण ते हातात राहिलं नाही.

बुटांचा टपटप आवाज करत ती शेवटच्या बाकापाशी पोचली. "जरा वाका ना." बाई वाकल्या. तिने त्यांच्या खांद्यावरची टाचणी काढली, निळं फूल सोडवलं आणि स्वतःच्या फ्रॉकला लावलं.

"सरका थोड्या. मी या बाकावर पहिल्यांदाच बसतेय." मग पाय हलवत तिने विचारलं, "तुमचं नाव काय?"

बाईंनी ते इतकं हळू सांगितलं, की ऐकण्यासाठी आजोबांना तिथपर्यंत चालत जावं लागलं. त्यांना येताना पाहून नातीने दोन्ही पाय वर घेतले आणि त्यांना आत जायला वाट करून दिली.